पूर्वजांच्या गावी कशासाठी जावे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या खानदेशात अनोळखी माणूस भेटला की त्याचं नाव मागाहून विचारतात. आधी विचारतात, "तुम्ही कोन गावना?" चाळीसगावात राहणारा माणूस चाळीसगावचं नाव सांगतो. लगेच दुसरा प्रश्न येतो, "ते झालं, पण मूळ गाव कोणतं?" या दुसऱ्या प्रश्नापाशी पुष्कळ जण थांबतात. चाळीसगाव हे जंक्शनचं गाव. १९०० साली इथून धुळ्याला रेल्वेचा फाटा निघाला. कोणी रेल्वेच्या नोकरीत आले, कोणी कापसाच्या व्यापारात, कोणी शाळामास्तर म्हणून, तर कोणी दुष्काळात नुसतं पोट घेऊन आले. तीन-चार पिढ्या इथे गेल्या. मूळ गाव आजीच्या बोलण्यात होतं, आजी गेली आणि तेही गेलं.

अलीकडे मात्र एक गोष्ट दिसते. नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी देवळात आरतीनंतर बसली की बोलतात, "एकदा मूळ गावी जाऊन यायचंय. मुलं-नातवंडं घेऊन." पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मुलंही सुट्टीत विचारतात, "आजोबा, आपण मूळचे कुठले?" गाडी ठरते, दिवस ठरतो. तरी एक प्रश्न विचारायचा राहून जातो, की आपण तिथे कशासाठी जाणार आणि कोण म्हणून जाणार? मालक म्हणून, पाहुणा म्हणून, की ऋणकरी म्हणून? दत्तजयंतीच्या या अंकात त्याचाच थोडा विचार करावा असं मनात आलं.

पहिली शंका दत्तभक्तालाच येईल. आपलं दैवत अवधूत. त्याला घर नाही, दार नाही. स्नान एका क्षेत्री, भिक्षा दुसऱ्या क्षेत्री, निद्रा तिसऱ्या क्षेत्री. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यातला एक गुरू कपोत, म्हणजे कबुतर. पिलं जाळ्यात सापडली म्हणून मादी जाळ्यात गेली, आणि तिच्यामागे कपोतही गेला. घरट्याची आसक्ती जीव घेते, हा तो धडा. दुसरा गुरू सर्प. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो. मग ज्याने असे गुरू केले त्याच्या भक्ताने शंभर वर्षांपूर्वीचं पडकं घर शोधत हिंडावं का? हा मोहच नव्हे का?

शंका खरी आहे, ती झटकून टाकू नये. पण आपल्याच परंपरेत तिचं उत्तरही आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचं चरित्र आठवा. कारंज्यात जन्म, मुंज झाल्यावर बालवयातच गृहत्याग, काशीला संन्यास. निघताना आईला त्यांनी वचन दिलं की तीस वर्षांनी पुन्हा भेट होईल. आणि पुढे तीर्थयात्रा करून ते खरंच कारंज्याला आले. आई-वडिलांना, भावंडांना भेटले. ज्याने घर सोडलं, नाव सोडलं, अग्नी सोडला, तो यतीही जन्मगावी परत आला. पण तिथे राहिला नाही. वाड्यातला वाटा मागितला नाही. भेट दिली, समाधान दिलं आणि पुढच्या वाटेला लागला.

मोह आणि स्मरण यांतला फरक इथे दिसतो. मोहाला वस्तू हातात पाहिजे असते. स्मरणाला डोकं टेकायला जागा पुरते. मूळ गावी निघताना आपल्या मनात यातलं काय आहे, हे ज्याचं त्याने तपासावं. "आमचा केवढा वाडा होता" हे नातवाला दाखवायचं असेल तर तो कपोताचा रस्ता आहे. "आपण कोणाच्या कष्टावर उभे आहोत" हे त्याला कळावं असं वाटत असेल, तर तो कारंज्याचा रस्ता आहे.

गुरुचरित्रात आणखी एक गोष्ट आहे, पारायण करणाऱ्यांच्याही ती पटकन लक्षात येत नाही. नामधारक दुःखाने गांजलेला, गुरूच्या शोधात गाणगापूरच्या वाटेला लागतो. पूर्वजांचा शोध घ्यावा असं त्याच्या मनातही नाही. वाटेत सिद्धमुनी भेटतात आणि एकेक कथा सांगत जातात. त्या ओघात सायंदेवाची कथा येते. जिवावरच्या संकटात सापडलेल्या सायंदेवाला श्रीगुरूंनी अभय दिलं. आणि हा सायंदेव तुझाच पूर्वज, असं सिद्ध नामधारकाला सांगतात. म्हणजे ज्या कृपेच्या शोधात तो वणवण करत होता, ती त्याच्या घराण्यावर आधीच झालेली होती. त्याला माहीत नव्हतं, इतकंच. आपल्यापैकी कितीजण असेच असतील. आपल्याला वाटतं भक्ती आपण सुरू केली, घर आपण उभं केलं, शिक्षण आपण घेतलं. मागे कोणीतरी उपाशीपोटी ती सोय करून ठेवलेली असते.

कोणी म्हणेल, पूर्वजांचं स्मरण तर आम्ही घरी करतोच. पितृपक्ष आहे. आणि आपल्याकडे आखाजी आहे. बाकी महाराष्ट्रात अक्षय्यतृतीया सोनं घेण्याचा दिवस झाला, खानदेशात तो अजून पितरांचा दिवस आहे. मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर किंवा आंबा ठेवायचा, पुरणपोळी आणि आमरसाचा घास पितरांना द्यायचा. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात आणि त्याच घरात पूर्वजांसाठी पाणी भरलेलं असतं. एवढं सुंदर स्मरण घरी होत असताना प्रवासाची गरज काय?

गरज अशी की घागर भरताना आपण नाव घेतो, माणूस मात्र डोळ्यांसमोर येत नाही. पणजोबांचं नाव ठाऊक असतं. ते कोणत्या विहिरीचं पाणी पीत होते, त्यांची जमीन काळी होती की मुरमाड, बाजाराला किती कोस चालत होते, हे त्या गावी गेल्याशिवाय समजत नाही. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडे 'छप्पन्या' म्हणून ओळखला जातो. त्या काळात गाव सोडलेल्या माणसाची गोष्ट घरात बसून ऐकणं वेगळं, आणि वैशाखात कोरड्या पडलेल्या त्याच नाल्याच्या काठी उभं राहून ऐकणं वेगळं. घागरीतलं पाणी कोणासाठी भरायचं, ते तिथे कळतं.

आता आपल्या दारातलंच एक उदाहरण पाहू. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवी. नवरात्रात आपण सगळेच जातो, अनेकांची ती कुलदेवता. त्या पाटण्याला शके ११२८ च्या काळातला एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांनी पाटण्याला मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांची नावं कोरलेली आहेत. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला कसा मिळावा, हे त्यात लिहिलं आहे.

हे वाचल्यावर मला चांगदेवांचा फार आदर वाटला. भास्कराचार्य आपल्या ग्रंथात सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड हे आपलं गाव सांगतात. ते गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. घर कुठे होतं, कोणास ठाऊक. पण नातवाने आजोबांच्या नावाने केलेलं काम आठशे वर्षं दगडावर टिकलं. त्याने आजोबांचं घर जपलं नाही, त्यांनी जे शिकवलं ते पुढे चालावं याची सोय केली. मठात शिकणाऱ्यांच्या जेवणाचा, राहण्याचा खर्च बाजारातून निघावा इथपर्यंत व्यवस्था लागली. पितृऋण म्हणजे काय, हे समजायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. मूळ गावी जाऊन आपण काय ठेवून येणार, हा प्रश्न पाटण्याचा दगड आपल्याला विचारतो.

पण वंशावळीबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्या घरोघरच्या वंशावळी पाहा. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. बाईचं नाव नाही. भाटाच्या वहीत असो की तीर्थोपाध्यायांच्या, पुरुषांची ओळ सरळ चालत येते आणि तिला जन्म देणाऱ्या बायका कुठेच दिसत नाहीत. गंमत अशी की आपलं श्राद्धकर्म याबाबतीत जास्त न्यायी आहे. त्यात पिता, पितामह, प्रपितामह यांच्यासोबत माता, पितामही, प्रपितामही येतात. आईच्या वडिलांची बाजूही येते. महालयात तर आप्त, गुरू, मित्र, निपुत्रिक गेलेले, सगळ्यांना पाणी दिलं जातं. मग गावाची यात्रा आखताना फक्त वडिलांच्या वडिलांचं गाव का? आजीचं माहेर का नको? ती तिथून डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि पुढची पन्नास वर्षं आपल्या घरात तिच्या माहेरच्या हातची भाजी शिजली. मुलांना निजवताना तिने जी गाणी म्हटली ती तिच्या गावची होती. आपल्या रक्तात तिचं गावही आहे. माझं म्हणणं असं, की यात्रा दोन गावांची करावी, एक आडनावाचं आणि एक आजीच्या माहेरचं.

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. पूर्वज आठवायचे तर कोणते? फक्त ज्यांचा अभिमान वाटतो तेच?

आपल्या चाळीसगावच्या इतिहासात १९२९ साली घडलेली एक घटना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याहून मुंबईला परतताना इथे थांबले. स्टेशनावरून वस्तीत त्यांना न्यायचं होतं. अस्पृश्य माणसाला टांग्यात बसवून नेणं टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटलं, त्यांनी नकार दिला. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतल्याच, टांगा हाकायची सवय नसलेल्या एका माणसाने तो हाकला. नदीवरच्या पुलापाशी टांगा अडखळला, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा ते बॅरिस्टर होते, कायदे मंडळाचे सदस्य होते.

ते टांगेवाले कोणाचे तरी आजोबा-पणजोबा होते. त्या वेळी स्टेशनावर उभं राहून गप्प बसलेलेही कोणाचे तरी पूर्वज होते. ते वाईट माणसं असतीलच असं नाही. घरी देवपूजा करणारे, एकादशी धरणारे असतील. पण त्यांच्याकडून हे घडलं. आपण पूर्वजांचं पुण्य वारशाने आलं म्हणतो, मग त्यांच्या हातून झालेला अन्याय आपला नाही असं कसं म्हणायचं? आणि ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर राहावं लागलं, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांना मूळ गावाची आठवण आपल्यासारखी गोड कशी असेल? त्यांच्यातलं कोणी म्हणालं, "मला त्या गावी जायचंच नाही," तर त्याचं म्हणणं खरं मानावं. त्याला भावनाशून्य म्हणू नये.

म्हणून मूळ गावी गेल्यावर नुसता आपला वाडा पाहून परतू नये. गावाची जुनी विहीर पाहावी आणि तिच्यावर कोण पाणी भरत होतं, कोण भरू शकत नव्हतं, हेही विचारावं. भावकीतल्या कोणा विधवेचा वाटा बुडाला असेल, बहिणीला काही न देता कागद झाला असेल, तर म्हाताऱ्या माणसांकडून ते ऐकून घ्यावं. नातवाला सगळं सांगावं. तो लहान आहे म्हणून लपवू नये. मुलांना निर्दोष पूर्वजांची गरज नसते. खऱ्या माणसांची असते. त्यांच्यातलं काय पुढे न्यायचं आणि काय तिथेच थांबवायचं, हे ठरवता येणं हाच वारसा. जिथे आपल्या हातात काही असेल, एखाद्या आत्याच्या मुलांशी तुटलेलं बोलणं असेल, तिथे ते जोडावं. मागच्या पिढीचं उणं या पिढीने भरून काढलं तर त्याहून मोठं तर्पण कोणतं?

आता जाण्याच्या रीतीबद्दल. मूळ गावी अचानक दोन गाड्या भरून लोक उतरले की गावात पहिली शंका कसली येते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. "हे सातबारा बघायला आले." आज त्या घरात राहणारा, ते शेत कसणारा माणूस घाबरतो. त्याच्या वडिलांनी ते विकत घेतलेलं असेल, कुळकायद्यात मिळालेलं असेल, नाहीतर भाऊबंदांनी तोंडी दिलेलं असेल. आपल्या श्रद्धेपायी दुसऱ्याची झोप उडू नये. म्हणून आधी निरोप पाठवावा. गेल्यावर प्रथम गावच्या मारुतीला जावं, नारळ वाढवावा आणि पारावर बसलेल्या लोकांना स्वच्छ सांगावं, "आम्हाला काही नको. फक्त पाहायला आणि पाया पडायला आलो." घर दुसऱ्याचं झालेलं असेल तर विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. मोबाइलवर फोटो काढायचा तर तोही विचारून. घरातल्या बाईने पाणी आणून दिलं की समजावं, यात्रा पूर्ण झाली. अवधूत भिक्षेकरी आहे. जे मिळेल ते घ्यायचं आणि आशीर्वाद द्यायचा, ही त्याची रीत आपण एक दिवस तरी पाळावी.

जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसावं. हे काम उद्यावर टाकू नये, त्या वयाला उद्याचा भरवसा नसतो. "गाव कोणतं" एवढंच न विचारता नदी कोणती, जत्रा कोणत्या देवाची, घर गावाच्या कोणत्या अंगाला, शेजारी कोण, गाव का सोडलं, असं बारीक विचारावं. एका नातवाला वही घेऊन लिहायला बसवावं. मग कागद पाहावेत. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. चाळीसगाव पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात. नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. तेव्हा जुन्या कागदावर जिल्हा वेगळा दिसला म्हणून गोंधळू नये. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठावा. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, शाळेचं रजिस्टर, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, यांतून पुष्कळ धागे मिळतात. त्या वह्यांत कधी पणजोबांची स्वतःच्या हातची सही सापडते. दाखल्यासाठी धावपळ करताना आपण हे सगळे कागद चाळतोच. एकदा काही मागायचं नसताना चाळून पाहावेत.

दिवस निवडावा तो मार्गशीर्ष ते माघ, उन्हाच्या आत. सोबत म्हातारी माणसं असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताला जाणारी मंडळी तापीकाठची आपली गावं त्याच फेरीत करू शकतात. येताना गावासाठी काही ठेवून यावं. शाळेला चार पुस्तकं, देवळाच्या आवारात औदुंबराचं रोप, पाणपोईला एक रांजण. चांगदेवांनी मठ काढला, आपण रोप लावू शकतो. नावाची पाटी मात्र लावू नये.

शेवटी त्यांच्याबद्दल, ज्यांना जायला गावच उरलं नाही. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झालं, त्या पाण्यावर आपली शेती पिकते. कोणत्याही धरणाच्या पाण्याखाली कोणाची तरी शेतं, घरं, देवळं असतात. काहींना गावाचं नावच माहीत नाही. काही भटक्या समाजांना एक गाव कधी नव्हतंच. त्यांनी काय करावं?

दत्तसंप्रदायाने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. औदुंबरला विमल पादुका, नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. आपण पादुकांपुढे डोकं ठेवतो. पादुका म्हणजे इथून कोणीतरी चालत पुढे गेलं याची खूण. पाऊल इथे पडलं होतं, एवढंच ती सांगते, आणि आपल्याला तेवढं पुरतं. पूर्वजांचं गाव हीही एक पादुकाच आहे. ती दगडाची असेल, पडक्या भिंतीची असेल, धरणाच्या काठावरून दिसणाऱ्या नुसत्या पाण्याची असेल, नाहीतर आजीने सांगितलेल्या एका शब्दाची असेल. ज्यांना जाता येईल त्यांनी जावं. ज्यांना गुडघ्यांमुळे जाता येत नाही त्यांनी घरी बसून नातवंडांना सांगावं, तेही जाणंच आहे. ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांनी येत्या आखाजीला एक घागर जास्त भरावी, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत त्या सगळ्यांसाठी. आणि त्या दिवशी दारात कोणी तहानलेला आला तर त्याला "कोन गावना?" असं विचारण्याआधी पाणी द्यावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.